एका सापाची दोन विषे

फिनिक्स आणि टूसॉन ही अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातली दोन मोठी शहरे. त्यांच्या मधल्या कोरड्या, निवडुंगांनी भरलेल्या पट्ट्यात मोहावे रॅटलस्नेक राहतो. त्याचे भाऊबंद पश्चिमेला कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात आहेत, पूर्वेला टेक्सासच्या पश्चिम टोकाला आहेत आणि दक्षिणेला मेक्सिकोत खोलवर पसरले आहेत. रंग तोच, खवले तसेच, खुळखुळ्याच्या अलीकडचे काळे-पांढरे पट्टेही तसेच. दोन्हीकडचे साप शेजारी ठेवले, तर नुसते पाहून कोण कुठला हे सांगता येत नाही.

१९७८ मध्ये जेम्स ग्लेन आणि रिचर्ड स्ट्रेट या संशोधकांनी ठिकठिकाणच्या मोहावे सापांचे विष उंदरांवर तपासले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट पुढे आली. कॅलिफोर्नियाकडच्या सापाचे विष मध्य ॲरिझोनातल्या सापाच्या विषापेक्षा दहा पटींहून अधिक जहाल निघाले. पुढच्या तपासात फरक नुसत्या तीव्रतेचा नाही, जातीचाच आहे हे दिसले. एका विषात मज्जातंतूंवर घाला घालणारे ‘मोहावे टॉक्सिन’ भरलेले होते आणि रक्तस्राव घडवणारी एन्झाइमे जवळपास नव्हती. दुसऱ्यात नेमके उलट होते. या दोन विषांना ‘ए’ आणि ‘बी’ अशी नावे मिळाली. दोन्ही प्रदेशांच्या सीमेवर तर दोन्ही विषे एकाच सापाच्या ग्रंथीत सापडली.

साप चावला की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘कुठला होता?’ प्रश्न बरोबरच आहे. पण सापाचे नाव कळले म्हणजे विष कळले, ही आपली समजूत मात्र रॅटलस्नेकांनी पार मोडीत काढली आहे. विषातली एन्झाइमे शेजारी शेजारी ठेवून तपासली तरच हे उलगडत जाते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

रॅटलस्नेक फक्त अमेरिका खंडांत आढळतात, दक्षिण कॅनडापासून अर्जेंटिनापर्यंत. आपल्याकडे आंबोलीच्या झुडपात पावसाळ्यात वेटोळे घालून बसलेला चापडा ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी रॅटलस्नेकचा दूरचा चुलतभाऊच पाहिला आहे. नाकपुडी आणि डोळा यांच्या मध्ये उष्णता ओळखणारा खळगा दोघांनाही असतो. शेपटीचा खुळखुळा मात्र खास अमेरिकी. आपल्या नखांत असते तसल्या केराटिनची ती पोकळ कडी, प्रत्येक काती टाकताना एक नवी जोडली जाणारी. या सापांच्या मुख्य प्रजातीचे शास्त्रीय नाव क्रोटॅलस. ग्रीक भाषेतल्या ‘क्रोटालॉन’ या वाद्यावरून ते आले, आणि ते वाद्य म्हणजे जवळजवळ आपल्या चिपळ्याच.

विष वाळवले तर उरलेल्या भुकटीचा बहुतांश भाग प्रथिनांचा असतो आणि त्यातली बरीच प्रथिने एन्झाइमे असतात. मराठी विज्ञानलेखनात त्यांना विकरे म्हणतात. एन्झाइमाचे वैशिष्ट्य असे की, ते रासायनिक क्रिया घडवून आणते, पण स्वतः खर्ची पडत नाही. एक रेणू तोडून झाला की पुढचा, मग त्याच्या पुढचा. चिमूटभर विषाने एवढा मोठा देह का कोसळतो, याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

रॅटलस्नेकच्या विषात सर्वांत दांडगे एन्झाइम म्हणजे मेटॅलोप्रोटिनेज. त्याच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू बसलेला असतो आणि त्याच्या जोरावर ते प्रथिने तोडते. आपल्या केशवाहिन्यांची भिंत एका बारीक प्रथिनजाळीवर टेकलेली असते. गोधडीचे टाके उसवावेत तशी ही जाळी मेटॅलोप्रोटिनेज उसवत जाते. मग रक्ताच्या नेहमीच्या दाबानेच वाहिनी फाटते आणि रक्त आजूबाजूच्या मांसात झिरपू लागते. दंशाच्या जागी दिसणारा काळानिळा फुगवटा प्रामुख्याने याच एन्झाइमाची करणी.

दुसरा गट सेरीन प्रोटिनेजांचा. त्यांतली काही एन्झाइमे आपल्याच शरीरातल्या थ्रॉम्बिनचे सोंग घेतात. जखम झाली की थ्रॉम्बिन रक्तातल्या फायब्रिनोजेनचे दोन निरनिराळे तुकडे छाटते आणि त्यातून घट्ट, चिवट गुठळी बांधली जाते. सापाचे एन्झाइम बहुधा त्यातला एकच तुकडा छाटते. मग गुठळी धड लागतच नाही, विरजण कमी पडलेल्या दह्यासारखी ती पाणचट राहते आणि शरीर तिला लगेच विरघळवून टाकते. असे होत राहिले की फायब्रिनोजेन संपते आणि रक्त गोठेनासे होते. गोठवणाऱ्या एन्झाइमाने रक्त पातळ व्हावे, हा विरोधाभास मला या साऱ्या विषयातला सर्वांत मनोहर वाटतो. ईस्टर्न डायमंडबॅक या फ्लोरिडाकडच्या मोठ्या रॅटलस्नेकमध्ये असे एन्झाइम आहे, त्याचे नाव क्रोटॅलेज.

तिसरे फॉस्फोलायपेज ए२. पेशीचे आवरण ज्या स्निग्ध रेणूंचे बनलेले असते, त्या रेणूंचा एक ठरावीक बंध ते तोडते. हे एन्झाइम आपल्याला परके नाही. त्याची भावंडे आपल्या स्वादुपिंडात आणि सुजलेल्या सांध्यांच्या द्रवातही असतात. सापांत मात्र या एका साच्यातून कितीतरी हत्यारे घडली. काही स्नायू नासवतात, काही सूज आणतात, आणि दोन रेणूंची एक जोडगोळी तर थेट मज्जातंतू बंद पाडते. तिच्याकडे पुढे येतो.

याखेरीज हायलुरोनिडेज आहे. ते पेशींमधला चिकट लगदा पातळ करून बाकीच्या विषाला वाट काढून देते. एल-अमिनो ॲसिड ऑक्सिडेज आहे, त्याच्यामुळे विषाला पिवळा रंग येतो. रायबोफ्लेविन, म्हणजे आपले ब-२ जीवनसत्त्व, त्याच्या रेणूत गुंफलेले असते, तोच हा पिवळेपणा. अनेक जातींच्या पिलांचे विष पांढुरके किंवा रंगहीन असते, कारण त्यांच्यात हे एन्झाइम अजून नगण्य असते.

एवढी जहाल एन्झाइमे सापाच्या स्वतःच्या ग्रंथीत गप्प कशी बसतात? ग्रंथीतले विष आंबट असते, त्यात सायट्रेट भरपूर असते आणि मेटॅलोप्रोटिनेजला अडवून धरणारे छोटे पेप्टाइडही असतात. विष भक्ष्याच्या रक्तात उतरले की आंबटपणा जातो, अडसर पातळ होतात आणि एन्झाइमे जागी होतात.

आता तुलना. सापाला काचेच्या भांड्यावर ताणलेल्या पातळ पडद्यावर चावायला लावून विष काढतात, गोठवून वाळवतात आणि भुकटीचे सारख्या वजनाचे नमुने घेतात. मेटॅलोप्रोटिनेज शोधायची एक जुनी पण देखणी रीत आहे. जेलच्या पातळ वडीत जिलेटिन मिसळायचे, वेगवेगळ्या सापांचे विष शेजारशेजारच्या रांगांत सोडायचे आणि विजेच्या प्रवाहाने प्रथिने आकारानुसार वेगळी होऊ द्यायची. मग वडी काही तास उबेत ठेवून निळ्या रंगात बुडवायची. सगळी वडी निळी होते, पण जिथे एन्झाइमाने जिलेटिन खाल्ले तिथे पांढऱ्या खिडक्या उघडतात. टेक्सास-ॲरिझोनाकडच्या वेस्टर्न डायमंडबॅकच्या रांगेत अशा लख्ख खिडक्या दिसतात. टायगर रॅटलस्नेकच्या रांगेत जवळजवळ काहीच नाही, निळी भिंत सलग.

आणि गंमत अशी की, या दोघांत जास्त जहाल कोण, तर टायगर. सोनोरा वाळवंटातला हा लहानखुरा, छोट्या डोक्याचा साप. एका वेळी त्याच्याकडून सुकलेले विष दहा मिलिग्रॅमच्या आसपास मिळते, तर डायमंडबॅककडून काही शे मिलिग्रॅम. पण उंदरांवरच्या चाचणीत टायगरचे विष सर्व रॅटलस्नेकांत अतिजहालांपैकी एक ठरते. त्याच्या विषाची घडणही साधी, मोजक्या प्रथिनांची. डायमंडबॅकचे विष म्हणजे एन्झाइमांचा गजबजलेला बाजार.

नॉर्दर्न कोलोरॅडो विद्यापीठातले स्टीफन मॅकेसी यांनी अनेक रॅटलस्नेकांच्या विषांची अशी मोजदाद केली आणि २००८ मध्ये त्यांची दोन गटांत मांडणी केली. पहिल्या गटात मेटॅलोप्रोटिनेज भरपूर, जहालपणा बेताचा. दुसऱ्यात मेटॅलोप्रोटिनेज नाममात्र, जहालपणा मोठा. एक वाढले की दुसरे घटते. मात्र ‘जहाल’ हा शब्द जपून वापरायला हवा. उंदीर किती विषाने मरतो, त्याचे ते माप आहे. चावा बसलेल्या माणसासाठी पहिल्या गटातला साप सौम्य मुळीच नव्हे. भरपूर विष सोडणाऱ्या डायमंडबॅकने हात किंवा पाय कायमचा निकामी केल्याची उदाहरणे कमी नाहीत.

आता त्या जोडगोळीकडे. ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या बुटांटान संस्थेत १९३८ मध्ये कार्ल स्लोटा आणि हाइन्झ फ्रेंकेल-कॉनराट यांनी दक्षिण अमेरिकी रॅटलस्नेकच्या विषातून एक मज्जाविष स्फटिकरूपात वेगळे केले. नाझी जर्मनी सोडून ब्राझीलला आलेली ही माणसे, एकमेकांचे मेहुणे. त्या विषाचे नाव क्रोटॉक्सिन. त्याचे दोन घटक आहेत. एक खरेखुरे फॉस्फोलायपेज. दुसरा त्याच साच्यातून निघालेला, पण वाटेत छाटला गेल्यामुळे एन्झाइम म्हणून निष्क्रिय झालेला. हा निष्क्रिय जोडीदार कशाला? सक्रिय घटक एकटा सोडला तर तो वाटेत भेटेल त्या पेशीला चिकटतो आणि वाया जातो. जोडीदार त्याला धरून ठेवतो, मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो त्या टोकापर्यंत सोबत करतो आणि तिथे सोडून देतो. मग तंतूकडून स्नायूला निरोप जाणे बंद होते. पापण्या मिटू लागतात, चेहरा ओघळतो, स्नायू झिजून लघवी गडद होते, मूत्रपिंडे धोक्यात येतात. दंशाच्या जागी मात्र फारसे काही दिसत नाही. मोहावे टॉक्सिन या क्रोटॉक्सिनचे सख्खे भावंड आहे.

या टप्प्यावर कोस्टारिकाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझ्या मते सारा गुंता तिथे सुटतो. मध्य अमेरिकेतल्या क्रोटॅलस सायमस या रॅटलस्नेकच्या नवजात पिलांच्या विषात क्रोटॉक्सिन भरपूर असते. पिलू वाढते तसतसे ते ओसरते, त्याची जागा मेटॅलोप्रोटिनेज घेते आणि प्रौढ साप रक्तस्राव घडवणारा होतो. दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या भाऊबंदांत हा बदल होतच नाही, ते आयुष्यभर पिलाचेच विष बाळगतात. हुआन काल्वेते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याचा अर्थ असा लावला की, रॅटलस्नेक मध्य अमेरिकेतून दक्षिणेकडे पसरत गेले तसे बालपणीचे विष मोठेपणीही टिकवण्याकडे त्यांचा कल वाढत गेला. वायोमिंग-युटाकडच्या मिजेट फेडेड या छोट्या रॅटलस्नेकमध्येही प्रौढ वयात पिलासारखेच जहाल विष सापडते.

म्हणजे मॅकेसींचे दोन गट हे दोन वेगळे वंश नाहीत. एकाच सापाच्या आयुष्यातले ते दोन टप्पे असू शकतात, आणि कुठल्या टप्प्यावर थांबायचे हे प्रत्येक जातीत, कधी प्रत्येक खोऱ्यात, वेगळे ठरते.

हे ठरते कशाने? भक्ष्य हे सरळ उत्तर. कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक रॅटलस्नेकची पिले प्रामुख्याने सरडे खातात, मोठे साप उंदीर-खारी खातात. वय वाढते तसे मेटॅलोप्रोटिनेज कैक पटींनी वाढते. जाडजूड खार आख्खी गिळायची तर तिचे मांस आतूनच सैल करून ठेवणारे एन्झाइम उपयोगी पडत असेल, असा तर्क बराच काळ मानला जात होता. पण २००७ मध्ये वेस्टर्न डायमंडबॅकवर केलेल्या प्रयोगात, विष टोचलेले भक्ष्य लवकर किंवा अधिक चांगले पचते असे काही दिसले नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पटणारी गोष्ट आणि खरी गोष्ट यांची गल्लत सर्पविषाच्या क्षेत्रात वारंवार झाली आहे.

खारींची बाजूही आहे. कॅलिफोर्नियातल्या जमिनीवर राहणाऱ्या खारींच्या रक्तात मेटॅलोप्रोटिनेजला निकामी करणारी प्रथिने असतात. सापाने एन्झाइम बदलावे, खारीने त्यावर उतारा शोधावा, सापाने पुन्हा बदलावे. २०१६ मधल्या एका अभ्यासात एकाच भागातले साप आणि खारी जोडीने तपासले, तेव्हा सापांचे विष परमुलखातल्या खारींपेक्षा आपल्याच भागातल्या खारींच्या उताऱ्यावर जास्त मात करते असे आढळले. मोहावे सापाच्या बाबतीत मात्र भक्ष्याचे कारण लागू पडत नाही. तिथे ‘ए’ आणि ‘बी’ यांची वाटणी आहारापेक्षा हवामानाशी अधिक जुळते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

जनुकांच्या पातळीवर चित्र आणखी रेखीव आहे. आजच्या रॅटलस्नेकांच्या सामाईक पूर्वजाकडे मज्जाविषाची फॉस्फोलायपेज जनुके होती. डायमंडबॅक सापांनी ती नंतर चक्क गमावली, हे २०१६ मध्ये शॉन कॅरोल यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. मज्जाविष नवे कमावलेले नसून जुने टिकवलेले आहे, हा सगळ्यांनाच धक्का होता. मेटॅलोप्रोटिनेजच्या बाबतीत डायमंडबॅकने उलटा मार्ग धरला. एका मूळ जनुकाच्या प्रतींवर प्रती काढत त्याने एका रांगेत तीसच्या आसपास जनुके उभी केली. त्या मूळ जनुकाचा नातलग, एडॅम-२८, आपल्या शरीरातही निमूटपणे घरकाम करत असतो.

विषांतल्या या फरकांचा दवाखान्याशी संबंध फार जुना आहे. १८९० च्या दशकात फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर लस तयार केली आणि ती सर्व सापांवर चालेल असा त्यांचा विश्वास होता. ब्राझीलमध्ये व्हिताल ब्राझील या डॉक्टरांनी ती रॅटलस्नेकच्या विषावर वापरून पाहिली. ती चालली नाही. ज्या सापाचे विष, त्यावरच त्याची लस, हे तत्त्व त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडले. अमेरिकेत २००० पासून वापरात असलेली क्रोफॅब ही लस मेंढ्यांना चार सापांची विषे टोचून बनवतात, त्यात दोन डायमंडबॅक, कॉटनमाउथ आणि मोहावे रॅटलस्नेक आहेत. मोहावेचे विष ‘ए’ प्रकारचेच घेतात, कारण मज्जाविषच नसलेले विष टोचले, तर मेंढीच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे येणार कुठून?

आपल्याकडे हाच प्रश्न घोणशीपाशी येऊन थांबतो. रॅटलस्नेकच्या विषातली मेटॅलोप्रोटिनेज, सेरीन प्रोटिनेज आणि फॉस्फोलायपेज ही तिन्ही कुटुंबे घोणशीतही आहेत आणि त्यांचे प्रमाण प्रदेशागणिक बदलते. सर्पदंशाच्या लशीसाठी लागणारे विष मात्र देशभरासाठी मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले कार्तिक सुनगर यांनी २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सदर्न पॅसिफिक रॅटलस्नेकची विषे डोंगराडोंगरांनुसार कशी बदलतात हे तपासले होते. तीच नजर घेऊन त्यांच्या प्रयोगशाळेने पुढे भारतीय साप तपासले, आणि काही प्रदेशांतल्या सापांच्या विषावर आपली लस अगदीच तोकडी पडते हे दाखवले. सन २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावल्याचा अंदाज आहे. शेतात, बांधावर, गोठ्याच्या कडेला. म्हणून कोणत्या गावच्या सापात कोणते एन्झाइम किती, ही मोजणी मला कुठल्याही जनुकशोधाइतकीच निकडीची वाटते.

एक दुसरी वाटही शोधली जाते आहे. एन्झाइमांचे प्रमाण सापागणिक बदलले, तरी एन्झाइमाचा गाभा फारसा बदलत नाही. फॉस्फोलायपेज कुठल्याही सापाचे असो, बंध तोडणारी खाच तीच. मेटॅलोप्रोटिनेज कुठलेही असो, जस्ताचा अणू तोच. मग जातीऐवजी थेट त्या खाचेवरच बूच बसवले तर? व्हॅरेस्प्लाडिब हे मुळात दुसऱ्याच आजारांसाठी बनवलेले औषध फॉस्फोलायपेजला असेच बंद करते आणि तोंडाने घेता येते. भारत आणि अमेरिका या दोन्ही देशांतल्या रुग्णालयांत त्याची चाचणी झाली. सर्व रुग्ण एकत्र धरले तर अपेक्षित फायदा सिद्ध झाला नाही, पण दंशानंतरच्या पहिल्या पाच तासांत औषध मिळालेल्यांत सुधारणेची चिन्हे दिसली. एकाच चाचणीत एकीकडे अमेरिकेतला रॅटलस्नेक चावलेला रुग्ण होता, दुसरीकडे आपल्याकडचा सर्पदंशाचा रुग्ण, आणि दोघांच्याही हातावर तेच औषध ठेवले जात होते.